दोन रिंगा

“आज मी काय जेवतो, हे तिला कळून काय करायचंय?” असं म्हणत पुंडलिकअण्णांनी पुस्तक मिटलं आणि बाकावरून माझ्याकडे सरकवलं.

पहिला धडा तोच होता. मी जेवतो, तू जेवतोस, ती जेवते. नाशिकच्या त्या दोन खोल्यांमध्ये मी सहा वर्षं स्पॅनिश शिकवत होते आणि परदेशी निघालेले इंजिनिअर, हॉटेलातली पोरं, हौसेनं आलेल्या गृहिणी, सगळे याच धड्यातून पुढे गेले होते. सदुसष्ट वर्षांचा, पांढरा पायजमा आणि टोपी घातलेला पैठणीचा विणकर मात्र पहिल्यांदाच माझ्यासमोर बसला होता. येवल्याहून एसटीनं, दोन तास उभा राहून आला होता.

“अण्णा, वर्तमानकाळ आधी शिकावा लागतो. पाया असतो तो.”

“पाया, ज्याला घर बांधायचंय त्याला. मला एकच खोली पुरे, बाई.”

त्यांनी पिशवीतून शाळकरी वही काढली. पहिल्या पानावर मराठीत, टाकानं लिहावं तशा ठसठशीत अक्षरात एकाखाली एक ओळी होत्या. वैजू गायची. वैजू पळायची. वैजू रेशमाच्या कांड्या भरायची. वैजू मागाखाली लपायची. वैजू झोपेत बोलायची.

“वैजू कोण?”

“लेक माझी. तिकडे स्पेनला होती. दोन वर्षं झाली जाऊन.” जाऊन म्हणजे कुठे, ते त्यांच्या आवाजावरूनच कळलं. “दुखणं निघालं. तिची पोरगी आहे, इनेस. आठ वर्षांची. आईशी मराठी बोलायची म्हणे थोडंथोडं. आता तिच्याकडे पाणी, नको, झोप एवढेच शब्द उरलेत. डिसेंबरात जावई तिला घेऊन येतोय, आठ दिवस. मध्ये एकदा फोनवर तोंड दिसलं तिचं, तेव्हा तिनं विचारलं, आई लहानपणी कशी होती. जावयानं इंग्रजीत सांगितलं, पुतण्यानं मराठीत सांगितलं. मी मराठीत उत्तर दिलं, पुतण्यानं इंग्रजीत, जावयानं त्यांच्या भाषेत. पोरीपर्यंत पोचेस्तोवर त्यात काय उरलं असेल?” त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “हे मला तिला माझ्या तोंडानं सांगायचंय. एवढं शिकवा.”

मी वही वाचत गेले. एकही ओळ ‘आली’, ‘गेली’, ‘म्हणाली’ अशी नव्हती. सगळ्या ‘यायची’, ‘जायची’, ‘म्हणायची’ अशा. जे एकदा घडून संपत नाही, पुन्हा पुन्हा घडत राहतं, त्याचाच काळ. आपल्या बायका जात्यावर बसून माहेर आठवायच्या ते याच काळात. स्पॅनिशमध्ये त्याच्यासाठी वेगळा काळ आहे आणि तो पुस्तकात अकराव्या धड्यात येतो.

मी पुस्तक उचललं आणि अकरावा धडा उघडला.

ऑगस्ट होता तो. अण्णा दर बुधवारी आणि शनिवारी यायचे. मी त्यांना सांगितलं, क्रियापदं तीन घराण्यांची. आर, एर आणि इर, या शेपट्यांवरून ओळखायची. शेपटी कापायची आणि नवी जोडायची. आर असेल तर ‘आबा’. कांतार म्हणजे गाणं, ती गायची म्हणजे कांताबा. एर किंवा इर असेल तर दोघांनाही ‘ईआ’. कोमेर म्हणजे खाणं, ती खायची, कोमीआ. दोर्मीर म्हणजे झोपणं, ती झोपायची, दोर्मीआ.

“हे आबा बरं आहे,” अण्णा म्हणाले. “आमच्या वडलांना आम्ही आबाच म्हणायचो. म्हणजे दोनच?”

“दोनच.”

“मग पाठ नाही करावं लागणार. पायात घालतो.”

मला कळेना. त्यांनी चपला काढल्या, पाय फरशीवर जोडून ठेवले. मागाच्या खड्ड्यात विणकराच्या पायाखाली दोन पावड्या असतात. एक दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले अर्धे वर, आणि मधून आडव्या धाग्याचा धोटा जातो. अण्णांनी डावा पाय दाबला. “कांताबा.” उजवा दाबला. “कोमीआ.” डावा. “हुगाबा,” खेळायची. उजवा. “कोर्रीआ,” पळायची. पन्नास वर्षं ज्या पायांनी रेशीम उचललं ते पाय माझ्या फरशीवर स्पॅनिश विणायला लागले. चूक झाली की तोंडाआधी पाय अडखळायचा, मग ते मान हलवायचे आणि धागा उसवल्यासारखे मागे जायचे.

“तीन क्रियापदं मात्र वाकडी आहेत,” मी एकदा म्हटलं. “असणं, जाणं आणि बघणं. ती या नियमात बसत नाहीत.”

“वाकडी ठेवा बाजूला. माझी पोर सरळ होती.”

वैजू हळूहळू माझ्याही ओळखीची झाली. आई, म्हणजे अण्णांची मालन, वैजू नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर ती मागाशीच वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि बापाशेजारी फळीवर बसायची. मोराचा पिसारा भरताना रंग चुकला तर आधी तिच्या लक्षात यायचं. आईची एक ओवी होती, ती म्हणायची. अण्णांनी ती मला गाऊन दाखवली, डोळे मिटून, अगदी खालच्या पट्टीत:

लेक निघे दूरदेशा, वाट सरेना सरेना
धोटा जातो, परत येतो, लेक फिरेना फिरेना

“हे त्यांच्या भाषेत होईल?”

मी दोन दिवस प्रयत्न केला. “नाही होत, अण्णा.”

“बरं झालं. सगळं नेऊ नये.”

एकदा वहीतली एक ओळ वाचून मी थांबले. ‘वैजूचा फोन दोनदा वाजायचा.’ हे काय, म्हणून विचारलं तर अण्णा खुलले.

“पुण्याला हॉस्टेलवर होती ना ती. आमचं ठरलेलं. पोचली की एक रिंग द्यायची आणि ठेवायचा. म्हणजे सुखरूप. दोन रिंगा दिल्या की त्याचा अर्थ, अण्णा, आता तुम्ही लावा. मला बोलायचंय. मग मी लावायचो.”

“मग ‘वाजणं’ लिहा. सोनार.”

“सोनार?” ते हसले. “सोनार वाजतो होय त्यांच्याकडे?”

“सोनाबा. वाजायचा.”

“सोनाबा,” त्यांचा डावा पाय दबला. मग जरा वेळानं, वहीकडे बघतच त्यांनी विचारलं, “मी ऐकायचो, हे?”

“एस्कुचार. यो एस्कुचाबा.”

“मी फोन करायचो?”

“यामार. यो यामाबा.”

“आणि ‘नाही’ लावायचं असेल तर?”

“पुढे नुसतं नो. बाकी काही बदलत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“सोपं ठेवलंय,” ते म्हणाले, आणि सोनाबा, एस्कुचाबा, यामाबा हे तीन शब्द त्यांनी वहीच्या अगदी मागच्या पानावर, बाकीच्यांपासून लांब, लिहून घेतले. जागा शिल्लक असताना तिकडे का लिहितात, असं मनात आलं आणि गेलं.

ऑक्टोबरात मला शनिवारचा वर्ग रविवारी दुपारी घ्यायचा होता. सगळ्यांना सोयीचं होतं, अण्णांना नव्हतं.

“रविवारी दुपारी एक ते तीन मी घर सोडत नाही, बाई.”

“काय असतं?”

“काही नसतं.”

मी आग्रह केला नाही. त्यांच्या एकट्यासाठी शनिवार ठेवला. आणखी एक गोष्ट मला विचारावीशी वाटायची. वहीतली वैजू बावीस वर्षांची होऊन थांबत होती. शिकायला स्पेनला गेली, तिथपर्यंत. एकदा विचारलंही.

“लग्नानंतरचं काही लिहायचं नाही?”

“ते तिच्या बापाला माहीत आहे. इनेसच्या,” असं म्हणून अण्णांनी चपला घातल्या. एसटीला अजून पाऊण तास होता.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी मी येवल्याला गेले. अण्णांनीच बोलावलं होतं. “तुम्ही नुसत्या बसा. बोलू नका. अडलोच तर बघू.” घर अरुंद, पुढच्या खोलीत माग. मागावर अर्ध्यावर आलेली जांभळी पैठणी. कोनाड्यात क्रोशाच्या रुमालाखाली जुना पिवळट फोन. पुतण्यानं केव्हाच सगळ्यांना मोबाइल दिले होते, पण हा फोन अण्णा काढू देत नव्हते. जावई प्रवासानं थकून आतल्या खोलीत झोपला होता. बारीक अंगाची, मोठ्या कपाळाची इनेस उंबऱ्यात बसून पायातला मोजा ओढत होती.

अण्णा मागावर बसले. शेजारची फळी हातानं झटकली आणि तिला खूण केली. ती आली. तिचे पाय खड्ड्यात लोंबकळले, पावड्यांपर्यंत पोचत नव्हते.

“तू मामा,” अण्णा म्हणाले. तुझी आई. घसा खाकरला. डावी पावडी दाबली. “कांताबा.”

पोरीनं मान वर केली.

धोटा गेला. उजवी पावडी. “कोर्रीआ.” धोटा आला. डावी. “हुगाबा आकी.” इथे खेळायची. उजवी. “सेआस्कोंदीआ आकी,” इथे लपायची, आणि त्यांनी खाली खड्ड्याकडे बोट केलं. तोंडातून एक अक्षर इकडेतिकडे झालं होतं, पण इनेसला कळलं. ती खाली वाकून बघायला लागली. एवढ्याशा जागेत आई मावायची, यावर तिचा विश्वास बसेना. तिनं विचारलं, खरंच? अण्णांना शब्द कळला नाही, पण चेहरा कळला. त्यांनी मागाच्या दांडीवरची एक खूण दाखवली. लपून बसल्यावर वैजूनं खिळ्यानं कोरलेला, चोच नसलेला मोर. इनेसनं त्यावरून बोट फिरवलं.

मग ती विचारत गेली आणि अण्णा विणत सांगत गेले. आई काय खायची? कोमीआ भाकरी, कोमीआ गूळ. आई रडायची? योराबा. खूप? अण्णांनी बोटांच्या चिमटीनं दाखवलं, एवढंसं. आई झोपेत बोलायची, हे सांगताना त्यांनी वैजूची बडबड करून दाखवली आणि इनेस खळखळून हसली. मी भिंतीला टेकून बसले होते. चार महिन्यांची मेहनत माझ्यासमोर वीतभर, दोन वीत वाढत होती. माझी कुणालाच गरज नव्हती. मला वाटलं, झालं. यासाठीच होतं सगळं.

इनेस पाणी प्यायला उठली. परत येताना कोनाड्यापाशी थांबली. क्रोशाचा रुमाल उचलून तिनं फोन बघितला, जसं कुणाबद्दल खूप ऐकलेलं असावं आणि तो अचानक समोर यावा.

“हाच का फोन?” तिनं विचारलं.

‘तेलेफोनो’ एवढं अण्णांना कळलं. त्यांनी मान डोलावली. हात धोट्यावरच होता.

मग ती बोलली. मुलं बोलतात तशी, सरळ, फोनवरची धूळ पुसत. आणि तिचं प्रत्येक क्रियापद त्याच दोन शेपट्यांनी संपत होतं, म्हणून माझ्यावर भाषांतर करायची फारशी वेळच आली नाही. अण्णांना जवळजवळ सगळं कळत होतं.

“मामा यामाबा,” ती म्हणाली. आई फोन करायची. रविवारी. नाश्त्याच्या आधी. “सोनाबा,” आणि दोन बोटं वर केली. दोनदा वाजायचा. “कोल्गाबा.” ठेवून द्यायची. आणि मग, तिनं फोन उराशी धरल्यासारखे हात केले, “एस्पेराबा.”

हे क्रियापद वहीत नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

“वाट बघायची,” मी म्हटलं. त्या दिवशी मी उच्चारलेले पहिले शब्द ते.

इनेस सांगत होती. कॉफी गार व्हायची. मी विचारायचे, कुणाला फोन? ती म्हणायची, आजोबांना. मी म्हणायचे, मग बोलत का नाहीस? ती म्हणायची, आजोबांचा फोन बिघडलाय. त्यांना माहीत असतं, पण लावता येत नाही. इनेसनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत घूं आवाज येत होता, तो बाहेर मलाही ऐकू आला. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं आजोबांकडे वळून विचारलं, “नो फुन्सिओनाबा?”

चालत नव्हता ना?

फुन्सिओनार आम्ही केलं नव्हतं, पण माग बंद पडला की ‘चालत नाही’ कसं म्हणायचं, ते मी एकदा सहज सांगितलं होतं. त्यांना आठवलं. चेहऱ्यावरून दिसलं. नो फुन्सिओनाबा. फक्त तेच दोन शब्द परत म्हणायचे होते. मुलीनं स्वतःच बापासाठी तयार करून ठेवलेलं उत्तर सातासमुद्रापलीकडून नातीच्या हाती आलं होतं. त्यात कुणाचंच मन दुखावणार नव्हतं. मी मनात म्हणत होते, म्हणा अण्णा, बिघडला होता म्हणा.

अण्णांनी धोटा खाली ठेवला. पाय पावड्यांवरून काढून घेतले आणि खड्ड्यातून वर आणून मांडी घातली. पाय न हलवता बोलताना मी त्यांना प्रथमच बघत होते.

“फुन्सिओनाबा,” ते म्हणाले. चालायचा.

“सोनाबा.” वाजायचा.

“यो एस्कुचाबा.” मी ऐकायचो.

 आत जावयानं कूस बदलल्याचा आवाज आला.

“यो नो यामाबा.”

मी फोन करायचो नाही.

इनेस रिसीव्हर हातात धरून उभी. तिनं एकच शब्द विचारला. का. तो प्रत्येक भाषेत कळतो. अण्णांनी वही उघडली नाही, माझ्याकडेही बघितलं नाही.   मग तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला, रुमाल चारी कोपऱ्यांनी सरळ केला आणि आतल्या खोलीत बापाकडे गेली.

अण्णा मला एसटी स्टँडवर सोडायला आले.  बाकावर बसल्यावर म्हणाले, “लग्न करते म्हणाली फोनवर. तिकडच्या मुलाशी. मी म्हटलं, मग आता मला फोन करू नकोस.”

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“ऐकणारी पोर. नाही केला कधी. नुसत्या रिंगा दिल्या. नऊ वर्षं.”

“नंबर होता तुमच्याकडे?”

“पाठ होता.” गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. “दर रविवारी म्हणायचो, पुढच्या रविवारी लावीन. हात ठेवून बसायचो फोनवर. वाजताना थरथरतो तो, हाताला कळतं. मग एका रविवारी वाजला नाही. मला वाटलं, रागावली. तीन रविवार तसंच वाटलं मला, बाई. चौथ्याच्या आधी जावयाचं कळवणं आलं.” ते उठले. “जा. जागा मिळणार नाही.”

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी नाहीत. येणार नाहीत हे मी धरूनच चालले होते. काम झालं होतं. वहीतल्या खोलीची एकुलती एक खिडकी त्यांनी स्वतःच्या हातानं उघडली होती आणि त्यातून काय आत आलं ते मी बघितलं होतं.

इनेस गेल्यावर दहाव्या दिवशी, बुधवारी, जिन्यात चपलांचा आवाज आला. अण्णा नेहमीच्या जागी बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“रविवारी वाजला,” ते म्हणाले.

मी हातातला खडू खाली ठेवला.

“दोनदा. मग थांबला.”

“मग?”

“लावला. नवा नंबर जावई जाताना कॅलेंडरवर लिहून गेला होता, कशाला ते मला तेव्हा कळलं नाही. आकडे लांबलचक. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा लागला. पोरीनंच उचलला. ‘का’ नाही विचारलं तिनं परत. म्हणाली, आब्वेलो, के कोमेस?”

आजोबा, काय जेवताय.

“मी म्हटलं, कोमीआ. ती थांबली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा कोमीआ. ती हसायला लागली. मीही हसलो. काय करणार.” त्यांनी टोपीची घडी बोटानं दाबली. “मग ठेवला.”

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक गेली. अण्णांनी हात लांब करून माझ्या टेबलावरचं पुस्तक ओढलं, पहिला धडा उघडला आणि चष्मा लावला.

“ज्वारीची भाकरी होती, बाई,” ते म्हणाले. “आणि मेथीची भाजी. तिला सांगायचं राहून गेलं.”